९ मिमी आणि .३८ स्पेशल: दोन्हींना एकच पावडर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे ९ मिमीचं पिस्तूल आणि .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे, दोन्ही फक्त कागदी टार्गेटसाठी, आणि काडतुसं तुम्हाला स्वतः भरायची आहेत (रिलोडिंग). प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं यंत्र, सिंगल स्टेज: एका वेळी एकच काम करणारं. ९ मिमीला १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) जॅकेटेड, म्हणजे धातूचं कवच असलेली बुलेट, .३८ ला १४८ ग्रेनची शिशाची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची बुलेट. एकच डबा घेऊन दोन्ही भागवायचं आहे आणि टाइटग्रुप या पावडरीचा चार्ज (एका काडतुसात भरायचं पावडरीचं वजन) सगळ्यांत कमी लागतो म्हणून मन तिकडे झुकलंय. शिवाय विचारलंय की, बर्न रेटच्या, म्हणजे जळण्याच्या वेगाच्या, तक्त्यात शेजारीशेजारी असलेल्या पावडरी एकमेकींच्या जागी चालतात का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे हातडोळे गमावायची वेळ येऊ शकते. नाही, चालत नाहीत. तो तक्ता फक्त क्रम सांगतो. आठव्या आणि नवव्या क्रमांकांत अंतर किती, हे त्यात कुठेच नसतं. शिवाय क्रम ठरतो चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत. पुंगळी (काडतुसाचं धातूचं नळकांडं), बुलेट, दाब बदलला की दोन पावडरींची जागा उलटसुलटही होते. तक्त्याचा उपयोग एवढाच, की 'ही साधारण कोणत्या कामाची' हे कळतं. चार्ज किती घ्यायचा, हे फक्त पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्यायचं. म्हणूनच खाली मी एकही चार्ज 'हा भरा' म्हणून देत नाही. चार ग्रेन, पाच ग्रेन असे आकडे येतील ते हिशेब समजावा म्हणून. आणि रिलोडिंगचा, पावडर-प्रायमर (प्रायमर म्हणजे पावडर पेटवणारी बुडाची टिकली) बाळगायचा परवाना तुमच्याकडे आहे, हे गृहीत धरलंय. बऱ्याच देशांत ते बंदुकीच्या परवान्यात आपोआप येत नाही.

आता मूळ मुद्दा. पहिल्यांदा पावडर घेणारा बहुतेक वेळा विचारतो की, कोणती जास्त वेग देते, कोणती स्वच्छ जळते, कोणती कमी लागते. हँडगनच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न दुय्यम. पहिला प्रश्न असा हवा: माझ्या हातून चूक झाली, तर ती बुलेट बसवण्याआधी मला दिसेल का? हा प्रश्न पहिला का, ते पुंगळी आणि दाबाच्या हिशेबावरून कळतं.

९ मिमी ल्यूगरची पुंगळी १९.१५ मिमी लांब, आत जागा फारच थोडी, आणि सामी या अमेरिकी मानक-संस्थेच्या नियमाप्रमाणे कमाल दाब ३५,००० पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड). .३८ स्पेशलची पुंगळी २९.३ मिमी लांब, पण दाबाची मर्यादा जेमतेम १७,००० पीएसआय. उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. .३८ स्पेशल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं काडतूस. तेव्हा ते काळ्या पावडरीने भरत, आणि तिला जागा भरपूर लागायची. आजची धूररहित पावडर त्याच पुंगळीत तळाशी पडून राहते. म्हणजे तुमची एक पुंगळी छोटी आणि जास्त दाबाची, दुसरी मोठी, कमी दाबाची आणि अर्ध्याहून जास्त रिकामी. दोन्हीकडे चालणारी पावडर मिळते, पण या दोन गरजा वेगळ्या आहेत हे डोक्यात ठेवूनच निवडायची.

धूररहित पावडरीचा एक स्वभाव सगळ्याच्या मुळाशी आहे: दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. जलद पावडर थोडी लागते, बुलेट जागची हलते न हलते तोच दाब शिखरावर जातो आणि लगेच उतरतो. मंद पावडर जास्त लागते आणि बुलेटला जास्त वेळ ढकलत राहते. पण नीट जळायला तिला जड बुलेट, घट्ट क्रिम्प (बुलेटवर आवळलेलं पुंगळीचं तोंड) आणि पुरेसा दाब लागतो. यातलं काही कमी पडलं, तर ती अर्धवट जळते.

म्हणून मंद पावडरी तुमच्या यादीतून आधीच काढून टाका. एच११० आणि विंचेस्टर २९६ (दोन्ही एकच पावडर, डबे वेगळे) .३५७ आणि .४४ मॅग्नमसाठी उत्तम. पण त्यांचा चार्ज मॅन्युअलपेक्षा फार कमी करायचा नाही, अशी सूचना उत्पादकच देतो, कारण कमी दाबावर त्या बेभरवशाच्या होतात आणि बुलेट नळीत अडकू शकते. वॉडकटरसारख्या सौम्य लोडला (कमी जोराच्या काडतुसाला) त्यांचा काहीच उपयोग नाही. एचएस-६ किंवा पॉवर पिस्टल ९ मिमीला पूर्ण वेग हवा असेल तर छान, पण हलक्या लोडला काजळी आणि न जळलेले दाणे मागे ठेवतात. रिव्हॉल्व्हरमध्ये हे दाणे कुठे जातात ते पाहा: रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलताना ते एक्स्ट्रॅक्टर स्टारच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या) खाली शिरतात. स्टार केसभरही वर राहिला, तरी सिलिंडर बंद होताना घासतो किंवा फिरतच नाही. दोष रिव्हॉल्व्हरचा वाटतो, असतो पावडरीचा.

राहिल्या जलद आणि मध्यम-जलद पावडरी: बुल्सआय, टाइटग्रुप, एचपी-३८, एन३२०, युनिक. तुमची निवड यांतलीच. ही नावं तुमच्याकडे मिळत नसतील, तर ज्या मिळतात त्या खालच्या कसोट्यांवर घासून बघा.

पहिली कसोटी, पुंगळी किती भरते. इथेच टाइटग्रुपचा 'कमी लागते' हा गुण उलटा फिरतो. ती दाट पावडर आहे. ९ मिमीच्या रिकाम्या पुंगळीत काठापर्यंत सुमारे ०.८६ घन सेंमी जागा असते. टाइटग्रुपचे चार ग्रेन साधारण ०.३५ घन सेंमी व्यापतात. चुकून दोनदा पडले तर ०.७, पुंगळी भरलेली दिसेल, पण ओतू जाणार नाही. घाईत, कमी उजेडात ही चूक नजरेतून निसटू शकते. एचपी-३८ चे साडेचार ग्रेन सुमारे ०.४२ घन सेंमी. दुप्पट झाले की जवळपास काठोकाठ. युनिकचे पाच ग्रेन सुमारे ०.५५, दुप्पट झाले की पावडर प्रेसवर सांडते आणि तुम्ही थांबता. एन३२०ही अशीच फुललेली, दुप्पट चार्ज ९ मिमीत मावत नाही. ही मापं ढोबळ आहेत, पुंगळीच्या मेकनुसार आणि पावडरीच्या लॉटनुसार थोडी हलतील, पण क्रम बदलणार नाही.

.३८ स्पेशलमध्ये मात्र यांतली कोणतीच पावडर वाचवत नाही. वॉडकटरसाठी पिढ्यान् पिढ्या वापरली जाणारी बुल्सआय घ्या: चार्ज तीन ग्रेनच्या आत, पुंगळीची जागा दीड घन सेंमीच्या घरात. म्हणजे एक चार्ज पाचव्या हिश्शाएवढा. दुप्पटच काय, तिप्पटही सहज मावतो. त्यात वॉडकटर पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते, निम्मी जागा तीच खाते, त्यामुळे दुप्पट चार्जचा दाब आणखी चढतो. पोकळ बुडाच्या वॉडकटरचा तर मागचा पातळ घेर जास्त दाबाने फाटून नळीतच राहू शकतो. त्यांच्यासाठी मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा वेगळी असते, तीच पाळा. तेव्हा .३८ साठी सुरक्षितता पावडरीकडून मिळणार नाही, ती तुमच्या पद्धतीतून यावी लागेल. पद्धत पुढे सांगतो.

दुसरी कसोटी, पावडर मेजरमधून (हँडल ओढलं की ठरलेला चार्ज टाकणाऱ्या उपकरणातून) ती किती सारखी पडते. पावडरीच्या दाण्याचा आकार इथे ठरवतो. गोल किंवा चपटे-गोल दाणे (एचपी-३८, टाइटग्रुप) पाण्यासारखे वाहतात. बारीक दंडगोल दाणे (एन३२०) जवळपास तसेच. युनिकसारखे मोठे चकतीचे दाणे मात्र अडखळतात. नीट पाहिलंत तर युनिकची गडबड अशी होते: हँडल खाली आणलं, चकत्या ड्रॉप ट्यूबच्या (मेजरखालच्या नळीच्या) तोंडाशी एकमेकींवर रेलून अडकल्या, पुंगळीत अर्धाच चार्ज पडला. तुम्ही पुढची पुंगळी लावली, हँडलच्या झटक्याने अडकलेला ढीग सुटला, आणि तिच्यात तिचा पूर्ण चार्ज अधिक आधीचा उरलेला अर्धा. म्हणजे कमी भरलेली पुंगळी दिसली, तर फक्त तिच्याकडे बघून भागत नाही, तिच्या शेजारची आधी बघायची. पावडर वाईट नाही. जाड ड्रॉप ट्यूब, प्रत्येक वेळी हँडलचा सारखाच झटका, आणि हॉपर (मेजरवरचं पावडरीचं भांडं) एकतृतीयांशाच्या खाली जाऊ न देणं, एवढ्याने ती बरीच सुधारते.

सारखं पडण्याला इतकं महत्त्व का, तर मोकळीक फार थोडी असते. ९ मिमीत जलद पावडरीचा सुरुवातीचा चार्ज आणि कमाल चार्ज यांत बऱ्याचदा अर्ध्या ग्रेनच्या आसपासच अंतर असतं. मेजरची चूक ±०.१ ग्रेन, साध्या इलेक्ट्रॉनिक काट्याची आणखी ±०.१. दोन्ही एकाच दिशेला गेल्या तर तुमची जवळपास निम्मी मोकळीक संपली. म्हणून कमाल चार्जच्या टोकावर जलद पावडर वापरायचीच नाही, असं माझं मत आहे. कागदाला भोक पाडायला तिथे जायचं कारणही नाही. मेजर तपासताना एकेक चार्ज मोजण्यापेक्षा दहा चार्ज एका कटोरीत टाकून एकत्र वजन करा आणि दहाने भागा. काट्याची बारीक चूक दहात विभागली जाते. मात्र सरासरी बरोबर आली म्हणजे प्रत्येक चार्ज बरोबर असं होत नाही, म्हणून मध्येमध्ये एकेकटाही तोला. काट्यासोबत प्रमाणित वजनं ठेवा, आणि ती चार-पाच ग्रेनच्या जवळची ठेवा. बहुतेक काट्यांसोबत येणारं २० किंवा ५० ग्रॅमचं वजन खालच्या टोकाची चूक पकडत नाही.

तिसरी कसोटी खास .३८ साठी: पुंगळी अर्धीअधिक रिकामी असताना पावडर कुठे पडलीय, यावर वेग किती बदलतो. नळी खाली झुकवून मग समोर धरली तर पावडर बुलेटजवळ जाते, प्रायमरपासून दूर. वर करून समोर धरली तर प्रायमरला चिकटून असते. काही पावडरींत या दोन स्थितींत वेग चांगलाच वेगळा येतो, आणि टार्गेटवर गोळ्या वरखाली पडतात. टाइटग्रुप या बाबतीत खरंच चांगली आहे, तिचा हा गुण मान्य करायलाच हवा. बुल्सआयही सौम्य वॉडकटरमध्ये बऱ्यापैकी स्थिर. तुमच्या रेंजच्या नियमांत नळी वरखाली करायला परवानगी असेल, तर क्रोनोग्राफसमोर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर) दोन्ही पद्धतींनी पाच-पाच गोळ्या झाडून स्वतःच बघा.

चौथी गोष्ट शिशाची. टाइटग्रुप तापट जळते. जॅकेटेड बुलेटला फरक पडत नाही, पण मेण-ग्रीस लावलेल्या शिशाच्या बुलेटमागे धूर जास्त दिसतो. आत बंदिस्त रेंजवर शेजारच्याला त्रास होण्याइतका. पॉलिमर कोटिंगवाल्या वॉडकटर घेतल्या तर हा प्रश्न बराच कमी होतो.

आता 'कमी लागते' या मुद्द्याचा हिशेब. एका पौंडात ७,००० ग्रेन. चार ग्रेनच्या चार्जने १,७५० काडतुसं, पाच ग्रेनने १,४००. मोठा फरक वाटतो, पण प्रत्येक काडतुसाला एक प्रायमर आणि एक बुलेट लागतेच, आणि जॅकेटेड बुलेट हाच खर्चाचा मोठा वाटा असतो. पावडरीतली बचत त्यापुढे किरकोळ. तेवढ्यासाठी दुप्पट चार्ज लपवणारी पावडर निवडणं मला पटत नाही.

तर माझा सल्ला: दोन्हींसाठी एकच डबा घ्यायचा तर एचपी-३८ (विंचेस्टर २३१ म्हणून मिळाली तरी तीच पावडर). ९ मिमी १२४-१२५ ग्रेन आणि .३८ वॉडकटर, दोन्हींचा प्रकाशित डेटा आहे, मेजरमधून छान पडते, ९ मिमीत दुप्पट चार्ज काठापर्यंत येतो. पुढे कधी फक्त ९ मिमीच जास्त झाडत असाल तर एन३२० कडे वळा. सौम्य लोडला ती स्वच्छ आहे आणि धक्काही मऊ लागतो. फक्त वॉडकटरच भरायच्या असत्या, तर बुल्सआय म्हणालो असतो. टाइटग्रुप घेतलीच तर चूक नाही, असंख्य लोक ती रोज वापरतात. पण मग खालची पद्धत एकदाही मोडायची नाही.

पद्धत अशी. सिंगल स्टेज प्रेस इथे तुमच्या फायद्याचा आहे, कारण पन्नास पुंगळ्या लाकडी ब्लॉकमध्ये एकत्र दिसतात. प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या ब्लॉकमध्ये उलट्या, तोंड खाली ठेवा. एक उचला, सुलटी करा, चार्ज टाका, दुसऱ्या ब्लॉकमध्ये सुलटी ठेवा. म्हणजे सुलटी पुंगळी ही भरलेलीच असते, तीत पुन्हा टाकायचा प्रश्न येत नाही. सगळ्या भरल्या की टॉर्च तिरपा धरून पन्नासही पुंगळ्यांत ओळीने डोकवा. पातळी वेगळी दिसली तर अंदाज बांधत बसू नका, ओतून पुन्हा तोला. रिकामी पुंगळीही तितकीच घातक: फक्त प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत शिरते आणि तिथेच अडकते, आणि पुढची गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. झाडताना आवाज दबका आला किंवा धक्का कमी लागला, तर तिथेच थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळीतून उजेड दिसतो का बघायचं. मधेच फोन आला तर त्या ब्लॉकवरचं काम पहिल्यापासून.

नवीन पावडरीची सुरुवात मॅन्युअलच्या सुरुवातीच्या चार्जपासून. फक्त कमाल दिलेला असेल तर त्याच्या दहा टक्के खालून. ०.१ ते ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर या. ९ मिमीत सर्वांत खालच्या चार्जला कधीकधी स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जात नाही, पुंगळी अडकते. ते पिस्तुलाच्या स्प्रिंगमुळे, पावडर खराब म्हणून नाही. एक पायरी वर जा. दाबाची खूण म्हणून चपटा झालेला प्रायमर बघू नका, हँडगनमध्ये तो विश्वासाचा नाही. .३८ मध्ये प्रायमर चपटा दिसेपर्यंत तुम्ही १७,००० च्या कितीतरी पुढे गेलेले असाल. क्रोनोग्राफ जास्त खरं सांगतो: मॅन्युअलच्या कमाल वेगाएवढा वेग कमी चार्जमध्येच येत असेल, तर दाबही तिथेच पोहोचला असं समजा आणि थांबा. नळीची लांबी मात्र बघून घ्या. मॅन्युअलची चाचणी-नळी तुमच्यापेक्षा लांब असेल तर तुमचा वेग कमी येणारच, आणि तो भरून काढायला चार्ज वाढवायचा नाही.

९ मिमीत बुलेट किती खोल बसते, ते मॅन्युअलच्या लांबीशी जुळवा. पुंगळी छोटी असल्याने बुलेट थोडी जास्त आत गेली तरी दाब बराच वाढतो. भरलेलं काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून बघा. बुलेट आत सरकली, तर पुंगळीचं तोंड बुलेटला नीट धरत नाहीये. तोच चार्ज, तीच पावडर, पण फीड रॅम्पवर (काडतूस नळीत नेणाऱ्या उतारावर) आपटून बुलेट आत गेली की हिशेब बिघडतो.

टेबलावर एका वेळी एकच पावडर, तिचा मूळ डबा समोर. काम संपलं की हॉपर रिकामा करून पावडर त्याच डब्यात परत. रात्रभर ठेवल्यास नायट्रोग्लिसरीन असलेल्या पावडरी हॉपरच्या प्लास्टिकला खातात, आणि सकाळी आत नेमकं काय आहे याची खात्री उरत नाही. खात्री नसलेली पावडर वापरायची नाही, वासावरून आणि रंगावरून ओळखायची तर मुळीच नाही. डबा थंड, कोरड्या जागी. उघडताच आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती खराब झालीय, टाकून द्या. आणि एचपी-३८ चा पुढचा डबा आणाल तेव्हा लॉट नंबर बघा. तो वेगळा असेल तर मेजरची खूण जुनीच ठेवू नका, पुन्हा दहा चार्ज तोला आणि वेग तपासा.